पानं गळायला आली की ग्लेन अ‍ॅफ्रिकला जा

दरवर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला फोन यायला लागतात. लंडनहून, लीड्सहून, एखादा पुण्याहूनही. "रंग आले का गं? कधी येऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं: घाई करू नका. ऐन बहरात स्कॉटलंडमधली ग्लेन अ‍ॅफ्रिक देखणी असतेच, पण तेव्हा बर्चची झाडं म्हणजे पिवळी भिंत असते आणि कॅमेऱ्याला त्या भिंतीपलीकडचं काही दिसत नाही. ऑक्टोबर संपत आला, एक-दोन वेळा जोराचे वारे येऊन गेले, निम्म्याहून जास्त पानं खाली आली, की मग जंगलाच्या आत नजर शिरते. खोडं दिसतात, फांद्यांची ठेवण दिसते, मागचं पाणी दिसतं. फांदीवर उरलेली पानं अशा वेळी एकेकटी चमकतात. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, हे माझे दिवस.

मी पहिल्यांदा गेले ती दिवाळीतच. इन्व्हर्नेसला येऊन थोडेच महिने झाले होते, ओळखीचं कुणी नव्हतं, घर खायला उठलं होतं. सकाळी डब्यात चिवडा भरला, थर्मासमध्ये चहा घेतला आणि निघाले. त्याला आता आठ वर्षं झाली. मी मूळची कराडची. अण्णांचा तिथे फोटो स्टुडिओ होता: पासपोर्ट फोटो, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो. डोंगरदऱ्यांचे फोटो त्यांनी कधी काढले नाहीत, पण उजेड कुठून येतोय हे आधी बघायची सवय मला त्यांच्याकडूनच लागली.

जागा माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. ग्लेन म्हणजे अरुंद डोंगरी दरी, लॉख म्हणजे तळं. दोन्ही शब्द गेलिक भाषेतून आलेले. ग्लेन अ‍ॅफ्रिक इन्व्हर्नेसच्या नैऋत्येला आहे. ब्यूलीवरून किंवा ड्रम्नाड्रोखिटवरून कॅनिख गावापर्यंत साधारण ४५ किलोमीटर, आणि तिथून एकपदरी रस्ता दरीत शिरतो तो सुमारे १८ किलोमीटरवर रिव्हर अ‍ॅफ्रिकच्या वाहनतळापाशी संपतो. पुढे फक्त पायवाटा. वाटेत तीन ठिकाणं लक्षात ठेवा. आधी डॉग फॉल्स, मग रस्त्याला लागून पसरलेलं लांबलचक लॉख बेनेव्हियन (पाटीवर त्याचं गेलिक स्पेलिंग भलतंच लांब दिसेल, गोंधळू नका), आणि रस्ता संपतो तिथून पुढे लॉख अ‍ॅफ्रिक. स्कॉटलंडमध्ये जुन्या कॅलेडोनियन, म्हणजे इथल्या मूळच्या पाइन जंगलाचे जे थोडे मोठे तुकडे उरले आहेत, त्यांतला एक इथे आहे. २००१ पासून हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे.

आता उजेडाचं, कारण सगळं त्यावरच आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम १७ अंश असतो. त्याच दुपारी पुण्यात तो ५५ अंशांच्या वर असतो. पुण्यात आपण कोवळं ऊन म्हणून सकाळी लवकर उठतो ना, तसं तिरकं ऊन इथे दिवसभर मिळतं. त्यामुळे "सकाळ-संध्याकाळ सोडून फोटो काढू नये" हा नियम इथे विसरून जा. दुपारी बारालाही पाइनच्या खोडाची सावली लांबच्या लांब पडलेली असते.

पण याची दुसरी बाजूही आहे. सूर्य इतका खाली असल्यावर दक्षिणेचा डोंगर त्याला अडवतो. काही उतारांवर या दिवसांत ऊन पोचतच नाही, आणि काहींवर तासभरच येतं. नकाशा उघडून आधी हे बघा. पहिल्या भेटीत हातात कॅमेरा न घेता फक्त कुठे किती वाजता ऊन येतंय ते वहीत लिहून ठेवलंत तरी ती भेट वाया गेली असं समजू नका. माझ्या वहीत आजही पहिल्या वर्षीच्या नोंदी आहेत आणि त्या अजून उपयोगी पडतात, कारण सूर्य दरवर्षी त्याच तारखेला त्याच जागी येतो.

वेळेचं गणित असं: १ नोव्हेंबरच्या आसपास सूर्योदय साधारण साडेसातला, सूर्यास्त साडेचारला. १५ तारखेपर्यंत तेच आठ आणि चार होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, हे भारतातून येणाऱ्यांनी विसरू नये. त्या रविवारच्या आधी आणि नंतर वेळापत्रक सरळ एका तासाने बदलतं.

माझा दिवस साधारण असा जातो. पहाटे सरळ रस्त्याच्या शेवटी. रिव्हर अ‍ॅफ्रिकच्या वाहनतळापासून छोटी पायवाट उंचवट्यावर जाते, तिथून पश्चिमेला लॉख अ‍ॅफ्रिक आणि त्यामागची शिखरं दिसतात. सूर्य आग्नेयेकडून, म्हणजे तुमच्या डाव्या खांद्यामागून उगवतो. दरी अजून निळ्या सावलीत असते आणि वरची शिखरं आधी गुलाबी, मग केशरी होतात. ही वेळ दहा मिनिटांची. ट्रायपॉड आधीच लावून ठेवा, फ्रेम अंधारातच ठरवा.

मग मागे फिरून लॉख बेनेव्हियन. रस्ता तळ्याच्या उत्तर काठाने जातो, म्हणजे तळ्याकडे बघताना तुम्ही दक्षिणेकडे, थेट सूर्याच्या दिशेने बघत असता. पुष्कळ जण इथे "ऊन डोळ्यावर येतंय" म्हणून गाडीत बसतात. अहो, तेच तर हवंय! पातळ पान मागून उजळलं की आतल्या शिरा दिसतात, बर्चची साल कडेने चांदीची होते. लेन्सवर थेट ऊन पडू नये म्हणून एखाद्या खोडाच्या सावलीत उभे राहा किंवा हाताने आडोसा करा, आणि काच स्वच्छ ठेवा. समोरून येणाऱ्या उजेडात बोटाचा एक ठसासुद्धा फोटोवर धुरकट पडदा होऊन बसतो.

हे तळं १९५० च्या दशकातल्या जलविद्युत योजनेच्या धरणामुळे वाढलेलं आहे. त्यामुळे पाणी कमी सोडलेलं असलं की ठीक, नाहीतर काठाला दगडमातीचा उघडा पट्टा दिसतो. तो फ्रेममध्ये आला की चित्र तुटतं. अशा दिवशी लांब लेन्स लावून तळ्यातली पाइनची छोटी बेटं तेवढी टिपा.

धुक्याबद्दल जरा सविस्तर सांगते. रात्र निरभ्र, वारा पडलेला आणि तळ्याचं पाणी हवेपेक्षा उबदार असलं, की पहाटे पाण्यावर वाफ उठते. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अशी एक सकाळ मिळाली. गाडीत तापमान उणे दोन दाखवत होतं. सव्वासातला मी बेनेव्हियनच्या काठावर उभी राहिले तेव्हा पाचव्या झाडापलीकडे काही नव्हतं, सगळं पांढरं. एक सरळसोट वाढलेला बर्च तेवढा समोर. त्याच्या बारीक डहाळ्यांच्या प्रत्येक टोकाला दवाचा थेंब गोठलेला. पानं मोजली तर सहा. आठच्या सुमारास पांढऱ्यात कुठूनतरी पिवळसर झाक आली. मागचं बेट आधी नुसतं राखाडी डागासारखं दिसलं, मग त्याला पाइनचे शेंडे फुटले. साडेआठला ऊन डोंगरावरून खाली आलं आणि थेंब वितळायला लागले. एकेक पडताना टप टप आवाज येत होता. त्या सव्वा तासात मी जागेवरून तीन पावलंसुद्धा हलले नाही आणि चाळीसेक फोटो काढले. त्यांतला एक आज कराडच्या घरी भिंतीवर आहे.

यातून घ्यायचं ते असं. धुक्यात कॅमेरा फसतो, पांढऱ्याला करडं करून टाकतो. एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). फोकस हाताने करा, कारण धुक्यात ऑटोफोकस पुढेमागे शोधत बसतो. आणि धुकं विरायला लागलं की पळू नका. दाट धुक्यापेक्षा विरतं धुकं जास्त देऊन जातं, एकामागे एक थर उलगडत जातात.

दुपारचं जंगल सगळ्यांना अवघड वाटतं. डोळ्यांना सुंदर दिसतं, फोटोत नुसती काड्यांची गर्दी येते. याला माझे उपाय तीन-चार आहेत. पहिला म्हणजे वाइड लेन्स पिशवीत ठेवून ७०-२०० ची लांब लेन्स लावायची. दुसरा, आभाळ कापून टाकायचं. फांद्यांमधून दिसणारा पांढरा तुकडा नजर ओढून घेतो. तिसरा, खोडांमधली फट बघायची. एक पाऊल डावीकडे गेलं की दोन खोडं एकमेकांवर चढतात, एक पाऊल उजवीकडे गेलं की सुटी होतात. मी कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी पाच मिनिटं अशी डावी-उजवी करत असते. मुख्य झाडाचा शेंडा आणि बुंधा दुसऱ्या कशावरही आदळत नसेल, तर निम्मं काम झालं. आणि ढगाळ दिवस असेल तर आनंदाने जंगलात शिरा, कारण उन्हाच्या कवडशांनी होणारी चितरविचितर सावली तेव्हा नसते. डॉग फॉल्सची घळही अशाच दिवशी काढावी. ऊन असताना पाणी पांढरंफटक आणि खडक काळे, मधलं काहीच नाही. पाण्यासाठी अर्धा सेकंद शटर मला पुरतो. त्याहून लांबवलं की पाण्याचा पोत जाऊन कापूस उरतो.

रंगांकडे नीट बघा. लोक म्हणतात पानं गेली, संपलं. मला तर खरा रंग तिथून सुरू झाल्यासारखा वाटतो. पानं गेलेल्या बर्चच्या डहाळ्या लांबून जांभळट दिसतात, पावसाने ओल्या झाल्या की पिकल्या जांभळासारख्या. त्याखाली ब्रॅकन, म्हणजे इथला उंच नेचा, वाळून तांब्याच्या रंगाचा झालेला. त्यात पाइनचा गडद हिरवा, आणि पाइनच्या खोडाचा वरचा भाग नारिंगी. तिरक्या उन्हात तो नारिंगी रंग पेटल्यासारखा दिसतो. जांभळा, तांबडा, हिरवा, नारिंगी. एका उतारावर हे चार रंग ऑक्टोबरच्या मध्यात मिळत नाहीत, तेव्हा पिवळा सगळ्यांवर मात करतो.

पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा फिरता फिल्टर, मात्र हवाच. ओल्या पानांवर आणि नेच्यावर आभाळाची पांढरी चकाकी असते, ती त्याने जाते आणि खालचा रंग वर येतो. यासाठी ढगाळ दिवशीसुद्धा तो लावा. सुमारे दीड स्टॉप उजेड खातो, म्हणून वाऱ्याच्या दिवशी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ४०० ते ८०० पर्यंत न्यायला कचरू नका, नाहीतर पानं हललेली येतील. तळ्यातलं प्रतिबिंब काढताना तो पूर्ण फिरवू नका, प्रतिबिंबच पुसलं जातं. थोडा फिरवायचा, डोळ्याने बघत थांबायचं.

पिवळ्या पानांत माझी एक मोठी चूक झाली होती ती सांगते. पहिल्या वर्षीचे फोटो मी हौसेने अण्णांना पाठवले आणि रात्री फोन केला.

"अण्णा, बघितलेत का तुम्ही?"

"बघितले. उजेड छान पकडलायस बाळा. पण पान मेणाचं दिसतंय."

परत उघडून बघितलं तर खरंच. उन्हात उजळलेल्या पानांवर एकही शीर नव्हती, सपाट पिवळा डाग. झालं असं की मी साधा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघत होते आणि तो ठीक दिसत होता. पण पिवळा रंग कॅमेऱ्यासाठी लाल आणि हिरवा मिळून बनतो, त्यात ऊन तांबूस, त्यामुळे लाल चॅनल एकटाच आधी भरून वाहतो. म्हणून कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल उजव्या कडेला आपटत असेल तर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास एकच ठेवा, म्हणजे पहाटेचा निळा निळाच राहतो आणि कॅमेरा तो "सुधारायला" जात नाही.

पावसाची सर आली आणि मागून ऊन पडलं, तर सगळं सोडून सूर्याकडे पाठ करा. इंद्रधनुष्य दिसायला सूर्य ४२ अंशांच्या खाली असावा लागतो. आपल्याकडे भर दुपारी ते होत नाही, पण इथे या दिवसांत सूर्य ४२ च्या जवळपासही जात नाही, त्यामुळे दिवसभरात कधीही दिसू शकतं. दुपारी ते उत्तरेच्या उतारावर, अगदी जंगलाला टेकून, सकाळ-संध्याकाळपेक्षा कमानीचा माथा जरा खाली ठेवून उभं राहतं. पोलरायझर लावलेला असेल तर तो हळू फिरवा. एका बाजूला रंग गडद होतात, दुसऱ्या बाजूला इंद्रधनुष्य चक्क नाहीसं होतं.

एवढं झाल्यावर एका झाडासाठी वेळ ठेवा. इथली जुनी, पसरलेल्या फांद्यांची पाइन झाडं. इंग्रजीत त्यांना ग्रॅनी पाइन म्हणतात, आजीबाई पाइन. दोनशे, अडीचशे वर्षांची असतात. मोकळ्या जागेत वाढल्यामुळे ती सरळ न जाता आडवी पसरली. त्यांच्या आसपास मधल्या वयाची झाडं फार कमी दिसतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या हरणांनी आणि मेंढ्यांनी रोपं खाऊन टाकली. आज्या आहेत, नातवंडं आहेत, पण मधली पिढीच नाही. हरणांना अडवणारी कुंपणं घालून आणि हरणांची संख्या कमी करून गेल्या काही दशकांत इथे रोपं पुन्हा उभी राहिली. वनविभागाने आणि ट्रीज फॉर लाइफ या संस्थेने त्यासाठी बरंच काम केलं आहे. माझ्या दृष्टीने या दरीचा सगळ्यात महत्त्वाचा फोटो हाच: आजीबाईचं खोड आणि तिच्या पायाशी गुडघाभर रोपं. त्यासाठी खाली बसा, कॅमेरा रोपांच्या उंचीला आणा, लेन्सचं छिद्र एफ ११ वर ठेवा आणि फोकस रोपावर द्या. आजी मागे थोडी मऊ झाली तरी चालते, ती ओळखू येते. या वेळी पायाखाली बघून चला. शेवाळात बोटभर उंचीचं पाइनचं रोप सहज दिसत नाही, आणि ते चिरडायला ट्रायपॉडचा एक पाय पुरेसा असतो. कुंपणाचं फाटक असेल तर मागे लावून घ्या.

जवळ गेलातच तर बर्चची फांदीही बघा. तिच्यावर करड्या-हिरव्या लायकेनच्या (दगडफुलासारख्या वाढीच्या) झुबकेदार दाढ्या लोंबत असतात. पाऊस थांबल्यावर त्यांच्या एकेका तंतूत थेंब अडकतात आणि प्रत्येक थेंबात मागचं जंगल उलटं दिसतं. मॅक्रो लेन्स नसली तरी टेली लेन्सने दीड मीटरवरून चांगलं येतं.

बाकी सामानाचं फार नाही. चांगला ट्रायपॉड, दोन जादा बॅटऱ्या अंगातल्या खिशात (थंडीत त्या लवकर उतरतात), लेन्स पुसायची तीन-चार फडकी, डोक्याला लावायची बॅटरी, जलरोधक बूट. दरीत फोनला रेंज जवळजवळ नसते. घरी कुणालातरी कुठे जाताय ते सांगून निघा. चारनंतर अंधार पडतो तो झपाट्याने पडतो. परतताना गाडी सावकाश चालवा, त्या वेळी लाल हरणं रस्त्यावर येतात. ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत नर हरणांची डरकाळीही कानावर पडते. पहिल्यांदा ऐकाल तर दचकाल. लॉख अ‍ॅफ्रिकला पूर्ण वळसा घालणारी वाट सुमारे १८ किलोमीटरची आहे. ती एवढ्या छोट्या दिवसात कॅमेरा घेऊन करू नका, फोटोही होत नाहीत आणि चालणंही.

मुक्कामी पोचल्यावर शेवटचं काम. थंडीतून आत आलेल्या कॅमेऱ्यावर उबदार खोलीत लगेच पाणी साठतं, लेन्सच्या आतसुद्धा. म्हणून गाडीतच मेमरी कार्ड काढून खिशात ठेवा, बॅगेची चेन घट्ट लावा आणि ती खोलीच्या दाराजवळ, हीटरपासून लांब, तशीच राहू द्या. दोन-तीन तास उघडायची नाही. तोवर कार्डावरचे फोटो बघा, चहा घ्या.